रात्री तीन वाजता सासूबाईंची नाडी पाहणाऱ्या सुनेस

पत्र : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ती बऱ्याच वर्षांपूर्वी फुग्याने रुंद करून घेतली. गेल्या वर्षी त्यांना अचानक धाप लागली आणि एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराचे, निदान झाले. आता रक्तात गुठळी होऊ नये म्हणून असिट्रॉम आणि ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी मेटोप्रोलोल व डिगॉक्सिन या गोळ्या चालू आहेत. माझे पती पुण्यात नोकरी करतात व शनिवारी येतात. नणंद मुंबईला असतात आणि रोज फोन करून आकडे विचारतात. मी पतसंस्थेतील नोकरीतून बिनपगारी रजा घेतली आहे. रात्री दोन-तीनदा उठून मी आईंची नाडी पाहते आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. मागच्या महिन्यात रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, आयएनआर, १.६ आला, तेव्हा नणंद म्हणाल्या की मेथीची भाजी दिल्यामुळे असे झाले. त्या दिवसापासून घरात पालेभाजी बंद आहे. तपासणी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी केली होती, आणि आई एकादशीला गोळी घेतच नाहीत हे मला नंतर कळले. विचारले तर ‘घेतली’ म्हणतात. रक्त तपासावे लागत नाही अशा नव्या गोळ्या असताना डॉक्टर या जुन्याच का देतात, असेही नणंद विचारतात. पतसंस्थेने महिनाअखेरीपर्यंत रुजू होण्यास सांगितले आहे. हल्ली माझ्याच छातीत धडधडते. मी कामावर गेले आणि मागे काही झाले तर?
— एक वाचक, तासगाव

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘माझ्याच छातीत धडधडते’ हे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे. मी मात्र त्यापासूनच सुरुवात करते. सलग कित्येक महिने तुटक झोप मिळालेल्या माणसाला धडधडणे स्वाभाविक आहे, परंतु ‘ताणामुळे होत असेल’ असा निष्कर्ष तुम्ही किंवा मी काढू नये. या आठवड्यात स्वतःचा ईसीजी काढून घ्या, रक्तदाब मोजा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे सून सासूबाईंची फाइल काखेत घेऊन दवाखान्याच्या बाकावर तासन् तास बसते आणि त्याच डॉक्टरांना ‘मलाही तपासा’ असे म्हणायला संकोचते. तो संकोच तुम्ही करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता रात्रीच्या नाडीविषयी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, ते नुसते थरथरत राहतात. तेथून मिनिटाला साडेतीनशेहून अधिक विस्कळीत संकेत निघतात आणि त्यांतील काही थोडेच, तेही कसलाच क्रम न पाळता, खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून मनगटावर बोटे ठेवली की दोन ठोके घाईने येतात, मग एक उशिरा, मग एक इतका अशक्त की तो आला की नाही याचीच शंका वाटते. काही ठोके हृदयात पडतात पण मनगटापर्यंत येतच नाहीत. आकडा दर वेळी वेगळा येणे हे या आजाराचे स्वरूपच आहे. त्यात तुमच्या मोजण्याची चूक नाही आणि प्रत्येक वेगळा आकडा म्हणजे नवे संकटही नाही. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची पद्धत मात्र येथे फसवते. दिवसातून एकदा, सकाळी, पाच मिनिटे शांत बसल्यानंतर पूर्ण साठ सेकंद मोजलेली नाडी पुरे. घरातले रक्तदाबाचे यंत्रही अशा ठोक्यांत गोंधळते, म्हणून त्यावर मोजताना थोड्या थोड्या अंतराने तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

माझ्या वडिलांना हाच आजार होता आणि मीही रात्री उठून त्यांचे मनगट धरत असे. त्यांना गाढ झोप लागली आहे असे समजून मी हलकेच हात खाली ठेवून परत जाई. पुष्कळ दिवसांनी त्यांनी सांगितले की माझ्या पावलांनी ते दर वेळी जागे होत आणि मी लवकर जाऊन झोपावे म्हणून डोळे मिटून स्वस्थ पडून राहत. म्हणजे झोप दोघांचीही मोडत होती. तुमच्या सासूबाईंचेही तसेच होत नसेल कशावरून?

त्याहून महत्त्वाचे असे की या आजारातला सर्वांत मोठा धोका रात्रीच्या पहाऱ्याने टळत नाही. हा धोका पक्षाघाताचा आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, विशेषतः डाव्या वरच्या कप्प्याला असलेल्या लहानशा पिशवीसारख्या भागात, आणि तेथे धरलेली गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासातून १९७८ साली असे दिसले की ऱ्हुमॅटिक झडपेच्या आजारासह फिब्रिलेशन असणाऱ्यांना हा धोका इतरांपेक्षा सुमारे १७ पट असतो, तर झडपेचा आजार नसताना तो पाच पटींच्या वर असतो. ही गुठळी होऊ न देण्याचे काम संध्याकाळची असिट्रॉमची एक छोटी गोळी करते. तुम्ही रात्री तीनदा उठलात आणि त्या संध्याकाळी गोळी राहून गेली, तर त्या जागरणाचा काही उपयोग होत नाही. उलट गोळी वेळेवर पोटात गेली असेल, तर तुम्ही सकाळपर्यंत झोपलात तरी त्यांच्या संरक्षणात काही उणे राहत नाही. तुमची सगळी काळजी मी नाडीवरून काढून या गोळीवर आणून ठेवू इच्छिते.

रात्री त्यांना खरोखर त्रास झाला तर त्या तुम्हाला उठवू शकतील अशी सोय करा. दारावर लावतात तशी बिनतारी बेल बाजारात मिळते. तिचे बटण त्यांच्या उशाशी आणि घंटा तुमच्या खोलीत ठेवा. अरुंद झडपेच्या रुग्णाला फुप्फुसात पाणी साठू लागले की आडवे पडवत नाही, दोनाऐवजी तीन उशा लागतात, मध्यरात्री धापेने उठून बसावे लागते, पाय सुजतात, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढते. ही लक्षणे मनगटावर कळत नाहीत. ती उशांच्या संख्येवरून आणि सकाळच्या वजनकाट्यावरून कळतात.

१.६ या आकड्याकडे वळते. आयएनआर म्हणजे रक्त गोठण्यास नेहमीपेक्षा किती अधिक वेळ लागतो याचे माप. तुमच्या सासूबाईंसारख्या रुग्णात तो साधारणपणे २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. डॉक्टरांनी फाइलमध्ये वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच खरा मानावा. २ च्या खाली गेला तर गुठळीचा धोका वाढतो, ३ च्या बराच वर गेला तर रक्तस्रावाचा. असिट्रॉमचा परिणाम वॉरफरिन या त्याच प्रकारच्या गोळीपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे एक संध्याकाळ चुकली तरी दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात ते दिसू शकते. तुम्ही दिलेल्या तारखा जुळवून पाहता मला मेथीपेक्षा एकादशीच अधिक जबाबदार वाटते. ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण गोळी चुकली हे त्यांना ठाऊक नसेल तर आकडा कमी पाहून ते डोस वाढवतील, आणि मग गोळी नियमित सुरू झाली की आयएनआर भलताच वर जाईल.

पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते, हे खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय भाजी बंद करणे हा नव्हे. गोळीचा डोस रुग्णाच्या नेहमीच्या जेवणाशी जुळवून ठरवलेला असतो. एखाद्या आठवड्यात रोज पालक आणि पुढच्या आठवड्यात पानही नाही, असे झाले की आकडा डळमळतो. मेथी, शेपू, कोबी, कोथिंबीर, सगळे खावे, फक्त दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खावे. आता तुम्ही महिनाभर पालेभाजी बंद ठेवली आहे, तेव्हा ती एकदम भरपूर सुरू न करता डॉक्टरांना सांगून पूर्ववत करा आणि त्यानंतर आयएनआर तपासा. वाढत्या वयाच्या मुलाबाळांच्या ताटातून पालेभाजी जावी असे तर या आजारात कोठेच सांगितलेले नाही.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे, कारण तो त्यांच्या श्रद्धेचा आहे. त्या गोळी लपवतात म्हणून त्यांना खोटे पाडू नका. ‘घेतली’ असे सांगण्यामागे बहुधा दोन गोष्टी असतात : व्रत मोडेल ही भीती, आणि ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे शब्द. हे शब्दच मला खटकतात. या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, ते गोठायला थोडा अधिक वेळ घेते, इतकेच. पण वयस्कर माणूस दंडावर काळानिळा डाग पाहतो, दात घासताना हिरडीतून आलेले रक्त पाहतो, आणि आपले रक्त खरोखरच पाणी झाले असे समजून मनातून घाबरतो. एखाद्या दुपारी निवांत बसून विचारा, ‘आई, या गोळीची तुम्हाला भीती वाटते का?’ आणि मग काही वेळ तुम्ही स्वतः बोलू नका. व्रताचे म्हणाल तर त्या ज्यांचे कीर्तन ऐकतात किंवा ज्यांना मानतात अशा एखाद्या वडीलधाऱ्या माळकरी माणसाने ‘औषधाने एकादशी मोडत नाही’ असे सांगितले, तर तुमच्या-माझ्या शंभर स्पष्टीकरणांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल. निर्जळी उपवास मात्र नकोच. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडावर ताण येतो आणि डिगॉक्सिन रक्तात साठू लागते. गोळी राहून गेल्याचे त्याच दिवशी लक्षात आले तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी कळले तर भरपाई म्हणून दोन गोळ्या कधीही घेऊ नयेत, चुकल्याची तारीख वहीत लिहावी.

डिगॉक्सिनचे नाव निघालेच आहे तर फाइल उघडून पाहा. आपल्याकडे ही गोळी पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस लिहून देतात, शनिवार-रविवार सुट्टी असते, आणि नेमके त्याच दिवशी घरी आलेला मुलगा प्रेमाने सगळ्या गोळ्या काढून देतो. त्यांची जेवणावरची वासना गेली, मळमळू लागले, वस्तू पिवळसर दिसू लागल्या किंवा नाडी फार मंद झाली, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. असिट्रॉमच्या बाबतीतही अशीच एक चूक मी अनेक घरांत पाहिली आहे : ती एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळते, आणि डोस मधून मधून बदलल्यामुळे डब्यात जुन्या ताकदीची अर्धवट पट्टी तशीच पडून राहते. ज्या दिवशी डोस बदलेल त्याच दिवशी जुनी पट्टी डब्यातून काढा, आणि चालू पट्टीवर मार्करने ठळक अक्षरांत मिलिग्रॅम लिहून ठेवा.

नव्या गोळ्यांविषयी नणंदबाईंना शांतपणे सांगता येईल असे उत्तर आहे. ज्यांना झडपेचा असा आजार नाही त्यांच्यासाठी त्या गोळ्या खरोखरच चांगल्या आहेत आणि मुंबईत त्यांनी कोणाकडे तरी त्या पाहिल्या असतील. पण ऱ्हुमॅटिक झडप आणि फिब्रिलेशन असे दोन्ही असणाऱ्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर भारतासह २४ देशांत ‘इन्व्हिक्टस’ नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात रिव्हरोक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. तुमचे डॉक्टर जुनी गोळी देतात ती विचारपूर्वकच देतात.

दुखण्याखुपण्याच्या औषधांबाबत मात्र कडक राहा. गुडघा दुखला की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, अंगदुखीसाठी दंडावर किंवा कमरेवर घेतलेली सुई, जुलाबासाठी घरात उरलेले मेट्रोनिडाझोल, कोणी सांगितलेला काढा, यांपैकी काहीही आयएनआर हाताबाहेर नेऊ शकते किंवा रक्तस्राव घडवू शकते. दात काढायचा असला तरी गोळी आपल्या मनाने थांबवू नये. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी आपसात बोलून ठरवावे. ‘मी असिट्रॉम घेते’ असे लिहिलेला कागद आईंच्या बटव्यात कायम असू द्या.

‘काही झाले तर?’ या प्रश्नाचे उत्तर आजच कागदावर लिहून भिंतीवर लावायचे आहे, कारण त्या क्षणी कोणालाच काही सुचत नाही. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळले किंवा कळेना, यांपैकी एकही गोष्ट दिसली की १०८ ला फोन करायचा आणि त्या शेवटच्या धडधाकट कधी होत्या ती वेळ लिहायची. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. असिट्रॉम घेणाऱ्यांना ते द्यावे की नाही हे आयएनआर पाहून ठरते आणि मोठ्या केंद्रांत नळीने गुठळी काढण्याचा मार्गही असतो, म्हणून फाइल सोबत हवीच. तोंडात पाणी, साखर, गोळी काहीही घालू नये. ॲस्पिरिन तर मुळीच नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. सांगली-मिरजेत चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ कोणत्या रुग्णालयात मिळतात, हे तुमच्या पतींनी येत्या शनिवारी प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे. आई पडल्या आणि डोक्याला मार लागला तर त्या ‘मला काही झाले नाही’ म्हणाल्या तरी दवाखान्यात न्यावे. डांबरासारखे काळे शौच, लालसर लघवी, न थांबणारा घोळणा, यांसाठीही वाट पाहू नये. नाडीचे म्हणाल तर बसल्या जागी ५० च्या खाली जाऊन चक्कर येणे किंवा १२० च्या वर राहून धाप लागणे हे सर्वसाधारण इशारे आहेत. तुमच्या सासूबाईंसाठी नेमके आकडे डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

आता कामाची वाटणी. नणंदबाई रोज फोन करतात ही काळजीच आहे, पण ती प्रश्नांच्या रूपाने तुमच्यापर्यंत येते आणि तुम्हाला ती तपासणीसारखी वाटते. त्यांना एक निश्चित काम द्या : संध्याकाळी गोळीच्या ठरलेल्या वेळी त्यांनी व्हिडिओ फोन तुम्हाला न करता आईला करावा आणि आई गोळी घेताना समोर असावे. मायलेकींच्या गप्पाही होतील, आणि लेकीसमोर ‘घेतली’ असे नुसते म्हणता येणार नाही. तुमच्या पतींनी रविवारी बसून सात दिवसांच्या डबीत गोळ्या भराव्यात, औषधे आणावीत, आयएनआरची तपासणी आपण घरी असताना शनिवारी करून घ्यावी आणि डॉक्टरांना आकडा कळवून पुढचा डोस वहीत लिहावा. ही ‘मदत’ नव्हे. त्यांच्या आईचे औषधपाणी आहे, आणि त्याचा निम्मा भार पुण्यात राहूनही पेलता येतो. त्यांना हे सांगताना अपराधी वाटून घेऊ नका.

नोकरीवर जा, असेच माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, त्यांची बुद्धी शाबूत आहे, आणि तुम्ही दिवसभर समोर बसून राहिल्याने त्यांच्या हृदयाचा ठोका एकाही मिनिटाने नियमित होणार नाही. तुमचा पगार, तुमची सहकाऱ्यांशी होणारी चार वाक्ये आणि रात्रीची झोप या तिन्हींची या घराला गरज आहे, कारण हा आजार आठवड्याभराचा नाही, वर्षानुवर्षांचा आहे. दिवसा शेजारच्या घरी एक किल्ली द्या, आईंना दाराला आतून कडी न लावण्याची सवय लावा, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा आणि घसरणारे पायपुसणे काढून टाका. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस रुजू होता येईल का, हे पतसंस्थेला विचारून पाहा. विचारण्यात कमीपणा नाही.

राहता राहिली सकाळची नाडी. ती तुम्ही मोजू नका. आईंना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटे कशी ठेवायची ते दाखवा, समोर सेकंदाचा काटा असलेले घड्याळ लावा आणि वही-पेन त्यांच्याच हातात द्या. सुरुवातीला मोजताना चुकेल, एखाद्या दिवशी ८२ ऐवजी ७६ लिहिले जाईल, बिघडत नाही. तुम्ही संध्याकाळी कामावरून आलात की त्या वहीत काय लिहिले आहे ते वाचायचे, आणि आकडा ठीक असेल तर त्यावर चर्चा न करता दोघींनी चहा घ्यायचा.